ॲपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची? आधी “मुलाचा” की “मुलांचा” ते ठरवा

सदाशिव पेठेत खोली शोधताना “बॉयस होस्टेल”, “बॉय’स होस्टेल” आणि “बॉयस’ होस्टेल” अशा तिन्ही तऱ्हांच्या पाट्या भेटू शकतात. वाचताना तिन्हींचा उच्चार एकच होतो, फरक फक्त ॲपॉस्ट्रॉफीचा, म्हणजे ’ या खुणेचा. अर्थ मात्र एक नाही. मधल्या पाटीप्रमाणे ते अख्खं होस्टेल एकाच मुलाचं आहे. तिसरी पाटी बरोबर. पहिलीही चालते, ती का चालते ते पुढे येईल.

पुढची उदाहरणं वाचण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत आहेत, आणि शब्दाशेवटी लागणारा एस, मग तो मालकीचा असो वा अनेकवचनाचा, उच्चार “स” होवो, “ज” होवो की “इज”, सगळीकडे “स” असाच लिहिला आहे. “बॉईज” न लिहिता “बॉयस” लिहिलंय ते त्यासाठी. खूण एसच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच डोळ्यांना दिसायला हवं.

इंग्रजी बोलता येणाऱ्यांचीही इथे चूक होते, कारण कान मदत करत नाही. एका मुलाचा, अनेक मुलांचा आणि नुसतं “मुलं”, या तिन्हींसाठी इंग्रजीत एकच आवाज निघतो. मराठीत तसं नाही. “मुलाचा डबा” आणि “मुलांचा डबा” म्हणून बघा. दुसऱ्यात “चा”च्या आधी स्पष्ट “न्” ऐकू येतो, आणि लिहिताना त्याचं टिंब “ला”वर बसतं. मराठीतलं कुठलंही नाम घ्या, अनेकवचनाच्या सामान्यरूपावर हे टिंब येतंच: विद्यार्थ्याचा, विद्यार्थ्यांचा, मैत्रिणीचा, मैत्रिणींचा, गावाचा, गावांचा. इंग्रजीत जी माहिती फक्त खुणेच्या जागेत लपलेली असते, ती आपण मराठीत रोज तोंडाने बोलतो. ती वापरायची.

मालकाच्या शब्दावर टिंब नसेल तर खूण एसच्या आधी. टिंब असेल तर खूण एसच्या नंतर. मुलाचा डबा “बॉय’स टिफिन”, मुलांचा डबा “बॉयस’ टिफिन”. विद्यार्थ्याचा अर्ज “स्टुडंट’स ॲप्लिकेशन”, विद्यार्थ्यांचे अर्ज “स्टुडंटस’ ॲप्लिकेशनस”. ५ सप्टेंबरचा दिवस शिक्षकांचा, म्हणून “टीचरस’ डे”. पगारातून दरमहा कापला जातो तो निधी कर्मचाऱ्यांचा, म्हणून तो सांभाळणाऱ्या संघटनेच्या अधिकृत नावात “एम्प्लॉईस’ प्रॉव्हिडंट फंड” अशी खूण शेवटी आहे.

टिंब पाहायचं ते मालकाच्या शब्दावर, “चा”च्या जागी आलेल्या “चं”वर नाही. “मुलाचं दप्तर” यात “चं”वरचं टिंब बोलीतल्या नपुंसकलिंगाचं आहे, मुलगा एकच आहे. गोंधळ होत असेल तर मनात “मुलाचे दप्तर” असं पुस्तकी रूप म्हणा, नको ते टिंब गळून पडेल. आणि चा, ची, चे, च्या यांच्या फरकाकडे इंग्रजी लिहिताना बघायचंच नाही. मराठीत प्रत्यय वस्तूच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, इंग्रजीत वस्तू एक असो वा दहा, मालकाच्या शब्दावर काही परिणाम होत नाही. वह्या दहा आहेत म्हणून खूण एसच्या पुढे ढकलणं ही फार वेळा होणारी चूक आहे. “स्टुडंट’स नोटबुकस” म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या दहा वह्या, आणि ते बरोबर आहे.

लिहिण्याचा क्रम

लिहिताना घाई न करता हा क्रम पाळा. आधी वाक्यांश मराठीत म्हणा आणि “चा”च्या डावीकडचा शब्द पकडा, तो मालक. मग मालक खरोखर एक की अनेक ते मोजा. मग इंग्रजीत तो मालक, आणि फक्त तो, पूर्ण स्पेलिंगसह लिहा. एक असेल तर एकवचन, अनेक असतील तर अनेकवचन. खूण अजून द्यायची नाही. आता त्या शब्दाचं शेवटचं अक्षर पाहा. अनेकवचनाचा एस आधीच शेवटी बसला असेल तर फक्त खूण द्या. बाकी प्रत्येक वेळी खूण आणि एस, दोन्ही.

तिसरी पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. “लेडी”चं स्पेलिंग वायने संपतं. एका बाईंची पर्स असेल तर वाय तसाच ठेवून “लेडी’स”. बायका अनेक असतील तर आधी वाय काढून आय-ई-एस लावून अनेकवचन पुरं करायचं, मग खूण. वायनंतर खूण आणि एस लावून अनेकवचन झालं असं समजणं, किंवा आय-ई लिहून मग खूण आणि मग एस लावणं, दोन्ही चूक. आय-ईने संपणारी “लेडी” इंग्रजीत नाहीच.

लिहून झालं की बोटाने तपासा. खुणेवर आणि तिच्या उजवीकडे असेल त्यावर बोट ठेवा. उरलेला डावीकडचा शब्द म्हणजे नेमका मालक असला पाहिजे, स्पेलिंगसकट. “विका’स बुक” असं लिहिलं असेल तर बोट ठेवल्यावर “विका” उरतो, आणि विका नावाचं कुणी नाही. “चिल्ड्रनस’ पार्क” लिहिलं असेल तर “चिल्ड्रनस” उरतं, असा शब्द नाही. पाटी रंगवायला देण्याआधी हे पाच सेकंदांचं काम जरूर करा.

टिंब असूनही खूण आधी

ही चिल्ड्रनची भानगड म्हणजे टिंबाच्या नियमाला पडणारा पहिला अपवाद. काही अनेकवचनं एसने संपतच नाहीत: मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल. मराठीत टिंब आहे, पण चौथ्या पायरीला शेवटी एस सापडत नाही, म्हणून खूण आणि एस दोन्ही: “मेन’स”, “विमेन’स”, “चिल्ड्रन’स”, “पीपल’स”. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात सुरू केलेल्या महिला विद्यापीठाच्या आजच्या इंग्रजी नावात “विमेन’स युनिव्हर्सिटी” आहे ते याच नियमाने. मराठीतल्या “मुलांचा” या शब्दाची इथे थोडी चौकशी करावी लागते. फक्त मुलगे असतील तर “बॉयस’”, मुलगे-मुली सगळे असतील तर “चिल्ड्रन’स”.

दुसरा अपवाद फक्त आपल्याला, मराठी माणसांना, नडतो. आदरार्थी अनेकवचन. “बाबांची स्कूटर”, “सरांचा तास”, “आजोबांचा चष्मा”, “आगरकरांचे निबंध”. टिंब आहे, माणूस एक आहे. इंग्रजी नामाला आदराचं अनेकवचन ठाऊक नाही, त्याला फक्त डोकी मोजता येतात. म्हणून “ग्रँडफादर’स ग्लासेस”, “आगरकर’स एसेस”. “कर्व्यांचं कार्य” हे “कर्वे’स वर्क”. “कर्वेस’ वर्क” लिहिलंत तर ते सगळ्या कर्वे कुटुंबाचं कार्य होतं. क्रमात मालक “खरोखर” एक की अनेक ते मोजा असं म्हटलं ते याचसाठी. आदर काढून टाकून मोजायचं. मनातल्या मनात “आजोबाचा” म्हणायला जड वाटतं हे खरं, पण बोटावर एकच मोजला की झालं.

“गोखल्यांचं घर” या शब्दांत तर दोन्ही अर्थ बसतात. एकट्या गोखले आजींचं असेल तर “मिसेस गोखले’स हाऊस”. सगळ्या कुटुंबाचं असेल तर आधी कुटुंबाचं अनेकवचन, “द गोखलेस”, आणि मग खूण: “द गोखलेस’ हाऊस”.

दारावरच्या पाटीवर सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. कोथरूडपासून औंधपर्यंत फ्लॅटच्या दारावर “द कुलकर्णी’स” अशी सुबक पितळी पाटी हमखास सापडते. बोट ठेवा: “द कुलकर्णी” उरतं. एक कुलकर्णी, त्याच्या आधी “द”, आणि त्याचं काय ते सांगितलेलंच नाही. इथे राहणारे कुलकर्णी असं सांगायचं असेल तर मालकी नाहीच, नुसतं अनेकवचन आहे: “द कुलकर्णीस”, खूण नको. मालकी दाखवायचीच असेल तर “द कुलकर्णीस’”. आडनावाचं अनेकवचन करताना स्पेलिंग मोडायचं नाही. शेट्टी आडनाव वायने संपतं तरी आय-ई-एस करायचं नाही, वायपुढे सरळ एस. आडनाव एसने संपत असेल, जसं व्यास, तर ई-एस लावून “द व्यासेस”, आणि त्यांचं घर “द व्यासेस’ हाऊस”. डोळ्यांना विचित्र दिसतं, पण बरोबर तेच आहे.

दुकानाची गोष्ट वेगळी. जोशी नावाच्या एका मालकाने “जोशी’स” अशी पाटी लावली तर ती शुद्ध आहे, कारण पुढचा “दुकान” हा शब्द अध्याहृत असतो.

रजेचा अर्ज आणि अनुभवाची वर्षं

नियम येतो पण सुचत नाही अशी जागा म्हणजे काळ. “दोन दिवसांची रजा” यात मालक दिवस आहेत असं कुणाला वाटत नाही, पण इंग्रजीत ही रचना मालकीचीच आहे. एक दिवसाची रजा “वन डे’स लीव्ह”, दोन दिवसांची “टू डेस’ लीव्ह”, एका महिन्याची नोटीस “वन मंथ’स नोटिस”, तीन महिन्यांची “थ्री मंथस’ नोटिस”. हिंजवडीला नोकरीसाठी पाठवायच्या बायोडेटात “फाइव्ह इयरस’ एक्सपिरियन्स” लिहायचं, खूण शेवटी. बोलताना आपण सर्रास “दोन दिवसाची सुट्टी” म्हणतो आणि टिंब खातो, तेव्हा इथे कानावर न जाता आकडा बघा. एकपेक्षा जास्त असेल तर खूण शेवटी.

खूण टाळायची असेल तर दोन वाटा आहेत. “फाइव्ह इयरस ऑफ एक्सपिरियन्स” लिहा. “ऑफ” आलं की खूण जाते. किंवा मधे जोडरेघ देऊन “अ टू-डे वर्कशॉप”, “अ थ्री-इयर कोर्स”. तिथे एसही नाही आणि खूणही नाही. चूक होते ती या रचना मिसळल्याने: “थ्री इयरस’ ऑफ एक्सपिरियन्स” असं लिहू नये. बायोडेटातच आणखी एक जागा तपासा. “मास्टर’स डिग्री” आणि “बॅचलर’स डिग्री” यांत खूण लागते, पण पूर्ण नाव लिहिलंत तर “मास्टर ऑफ सायन्स”, तिथे एसच नाही.

प्रत्येक “चा” मालकीचा नसतो

मराठीचा “चा” फार उदार आहे. मालक, साहित्य, उपयोग, जागा, किंमत, सगळ्यांना तो एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीची खूण इतकी मोकळी नाही. ती माणसांना, प्राण्यांना, संस्थांना, गावांना आणि काळाला सहज लागते. निर्जीव वस्तूंना बहुधा नाही. टेबलाचा पाय हा “टेबल लेग”. “टेबल’स लेग” वाचताना अडखळायला होतं. सोन्याची अंगठी “गोल्ड रिंग”, लग्नाचा हॉल “वेडिंग हॉल”, सकाळची शाळा “मॉर्निंग स्कूल”, दहा रुपयांची नोट “टेन-रुपी नोट”. चहाचा कप भरलेला असेल तर “कप ऑफ टी”, रिकामा असेल तर “टीकप”. पुण्याचा माणूस “अ मॅन फ्रॉम पुणे”. पण आजचा पेपर “टुडे’स पेपर”, आणि पुण्याचे रस्ते “पुणे’स रोडस”, कारण काळ आणि गाव यांना खूण चालते.

मालक शब्दांची लांब मालिका असेल तर “ऑफ” बरा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेचं इंग्रजी नाव “सर्व्हंटस ऑफ इंडिया सोसायटी” आहे. तीच मालकी खुणेने दाखवायला गेलं तर “इंडिया’स सर्व्हंटस’ सोसायटी” असं दोन खुणांचं नाव झालं असतं. एका पदात दोन खुणा आल्या की एक “ऑफ”ने फोडायची, एवढा धडा त्यातून घ्या.

मग “लेडीस टेलर”, “बॉयस होस्टेल” बिनखुणेचं कसं चालतं? कारण तिथे पहिला शब्द मालक न राहता विशेषणासारखा वागतो: बायकांसाठीचा शिंपी, मुलांसाठीचं वसतिगृह. एसने संपणाऱ्या अनेकवचनाला ही सवलत मिळते. “मेन” आणि “विमेन” यांना मिळत नाही, कारण “मेनस” असा शब्दच नाही. लक्ष्मी रोडवरच्या दुकानावर “मेनस वेअर” लिहिलं असेल तर ते चूकच आहे. “मेन’स वेअर” हवं.

संस्थेचं नाव मात्र तिने नोंदवलं असेल तसंच लिहायचं, नियम लावायला जायचं नाही. कॅम्पातली १८६४ सालची शाळा “बिशप’स” आहे, तिथलीच “सेंट व्हिन्सेंट’स”ही खुणेसह. १८८५ साली सुरू झालेलं फर्ग्युसन कॉलेज गव्हर्नरचं नाव घेऊनही बिनखुणेचं. “मॅकडोनाल्ड’स”मध्ये खूण आहे, “स्टारबक्स”मध्ये नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत “अर्ल’स कोर्ट”ला खूण आहे आणि पुढच्याच “बॅरनस कोर्ट” स्टेशनला नाही.

सुहास, विकास, कैलास

एसने संपणारी नावं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबाबत इंग्रजीतच दोन पंथ आहेत. “शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल” या लेखन-मार्गदर्शकाची शिकागो पद्धत म्हणते, नाव एकाचं आहे तर खूण आणि एस दोन्ही: “सुहास’स बुक”. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची एपी पद्धत विशेषनामांना नुसती खूण देते: “सुहास’ बुक”. आमचा कौल पहिल्याला, कारण बोलताना तो जादा एस आपण उच्चारतोच, आणि टिंब नाही म्हणजे खुणेनंतर एस हा आपला नियमही मोडत नाही. ज्यांच्यासाठी लिहिता त्यांची पद्धत ठरलेली असेल तर ती पाळा, पण एका मजकुरात दोन्ही नकोत.

मालक दोन असले तर मराठी जे करते तेच इंग्रजी करते. “सुहास आणि मीराचं लग्न”, प्रत्यय एकदाच, कारण लग्न एकच: “सुहास अँड मीरा’स वेडिंग”. “सुहासचा आणि मीराचा पासपोर्ट”, प्रत्यय दोनदा, कारण पासपोर्ट वेगळे: “सुहास’स अँड मीरा’स पासपोर्टस”. लग्नपत्रिकेच्या प्रुफात एवढं जरूर बघा. त्यातच “द” पण तपासा: एकट्या माणसाच्या नावाआधी तो येत नाही, म्हणून “द मीरा’स वेडिंग” नाही.

सर्वनामं

“युवरस, हरस, अवरस, देअरस, इटस” यांना खूण कधीच नाही. ती मुळातच मालकीची रूपं आहेत, आपल्या “तुझा, तिचा, आमचा” यांसारखी. “इट’स” खुणेसह आला की तो “इट इज” किंवा “इट हॅज” यांचा संक्षेप. तपासायचं कसं? वाक्यात “इट इज” घालून वाचा. “द डॉग वॅग्ड इट इज टेल” काही जमत नाही, म्हणून “इटस टेल”, खूण नको. “हू’स” आणि “हूज” यांचीही तीच गत: “हू इज” बसलं तर खूण. अपवाद “वन’स”, “समबडी’स”, “ईच अदर’स” यांचा. ते नामांसारखे वागतात.

ही चूक करणाऱ्याने खजील होऊ नये. अमेरिकेच्या १७८७ सालच्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, मालकीच्या अर्थी “इट’स” लिहिलेलं आहे. त्या काळी तसं लिहीत. मुळात ही खूण सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आली ती गळलेल्या अक्षराची जागा दाखवायला. जुन्या इंग्रजीत मालकीचा प्रत्यय ई-एस होता, त्यातला ई गेला, त्याच्या जागी खूण उभी राहिली. अनेकवचनानंतरची खूण तर त्याहून उशिरा रुळली.

नुसत्या अनेकवचनाला खूण नाही, हे सांगून संपण्यासारखं असलं तरी “फ्लॅट’स फॉर रेंट” आणि “पिझ्झा’स” संपत नाहीत. मराठीत “चा” येत नसेल तर खूण नाही. फ्लॅट भाड्याने देणे आहेत, फ्लॅटचं काही देणे नाही.

टाइप करताना

मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ॲपॉस्ट्रॉफीच्या कळीवर “ट” असतो आणि शिफ्टसह “ठ”, त्यामुळे मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरात खूण देण्याआधी भाषा बदला. एक आकड्याच्या डावीकडे असणारी तिरकी खूण ही ॲपॉस्ट्रॉफी नव्हे. पाट्यांवर ती बऱ्याचदा घुसते आणि उलटी दिसते. वर्डमध्ये शब्दाच्या सुरुवातीला खूण टाइप केली की प्रोग्रॅम तिला उघडणारं अवतरण समजून फिरवतो. विंडोजमध्ये आल्ट दाबून आकड्यांच्या पॅडवर ०१४६ दिलं की सरळ योग्य खूण येते. मॅकवर ऑप्शन, शिफ्ट आणि उजवा चौकोनी कंस. वेबसाइटच्या नावात (डोमेनमध्ये) ही खूण चालतच नाही, म्हणून “जोशी’स” दुकानाचा पत्ता बिनखुणेचाच राहतो, आणि तो पाहून पाटीवाल्याने पाटीतलीही खूण काढू नये हे त्याला आधी सांगावं लागतं.

पेंटरला किंवा फ्लेक्सवाल्याला मजकूर फोनवर तोंडी सांगू नका. मोठ्या अक्षरांत टाइप करून चित्र पाठवा, खुणेभोवती गोल करा, आणि “एसच्या आधी” किंवा “एसच्या नंतर” असं मराठीत शेजारी लिहा. कच्चं प्रूफ आलं की बोट ठेवून बघा, मगच होकार द्या.